जुन्या ली-एनफिल्ड अ‍ॅक्शनची टार्गेट रायफल पुन्हा उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः नंबर ४ ली-एनफिल्ड ही ब्रिटिश सैन्याची जुनी रायफल धरून लिहिलंय, म्हणजे .३०३ इंच कॅलिबरमधली टार्गेटसाठी जमवलेली रायफल आणि तिच्याच अ‍ॅक्शनवर नंतर ७.६२ मि.मी. ची जाड नळी बसवून केलेल्या रायफली. यातलं बरंचसं दुसऱ्या जुन्या लष्करी अ‍ॅक्शनलाही लागू पडतं, पण बारकावे वेगळे असतात म्हणून एकच रायफल धरून बोललेलं बरं. परवाना, नोंदणी आणि कुठलं काम कोणी करायचं हे जिथल्या तिथल्या कायद्यानं ठरतं, त्यात पळवाट शोधू नका. आणि कुठल्याही कामाला हात घालण्याआधी बोल्ट मागे, मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये डोळ्यानं बघायचं आणि बोटानं चाचपायचं, दरवेळी, पाच मिनिटांपूर्वी बघितलं असलं तरी.

मिलिटरी अ‍ॅक्शनची टार्गेट रायफल म्हणजे नेमकं काय?

अ‍ॅक्शन म्हणजे रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा), बोल्ट आणि ट्रिगर हा जो गाभा असतो तो लष्करी रायफलचाच, आणि बाकी नळी, लाकूड, साइट हे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बदललेलं किंवा निगुतीनं जमवलेलं. ब्रिटनमध्ये ही परंपरा फार जुनी आहे. तिथली नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ ची, पहिली मोठी स्पर्धा १८६० मध्ये विम्बल्डनला झाली आणि तिचा पहिला बार स्वतः राणी व्हिक्टोरियानं उडवला, पुढे १८९० ला सगळं बिस्लीला हललं. तिथं नेमबाज सैन्याचीच रायफल घेऊन उतरायचे, त्यामुळे नियमात राहून त्याच रायफलमधून जास्तीत जास्त काय काढता येईल याची एक विद्याच तयार झाली. बिस्लीचे फुल्टन बाप-लेक याच विद्येसाठी ओळखले जायचे: जॉर्ज फुल्टन यांनी १८८८ मध्ये क्वीन्स प्राइझ हे तिथलं मुख्य बक्षीस जिंकलं आणि त्यांचा मुलगा आर्थर यानं १९१२, १९२६ आणि १९३१ असं तीनदा किंग्ज प्राइझ (राजा गादीवर असताना त्याच बक्षिसाचं नाव). फुल्टनकडून रायफल ‘रेग्युलेट’ करून, म्हणजे लाकूड-नळीची बैठक आतून बारकाईनं जमवून, घेतलीय म्हटलं की माणूस ती दोन हातांनी उचलायचा.

१९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या स्पर्धा .३०३ सोडून ७.६२ वर गेल्या, आणि मग नंबर ४ च्याच अ‍ॅक्शनवर जाड नळी बसवून एनफिल्ड एन्व्हॉय, एल३९ए१, पार्कर-हेल टी४ अशा रायफली आल्या. सैन्याची एल४२ए१ स्नायपर रायफल पण याच घराण्यातली.

ही अ‍ॅक्शन तर मागून लॉक होते, लवचिक असते म्हणतात, मग टार्गेटसाठी कशी चालली?

बरोबर ऐकलंय. माउझरसारख्या अ‍ॅक्शनचे लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) बोल्टच्या पुढच्या टोकाला, चेंबरच्या अगदी लगत असतात. ली-एनफिल्डचे मागे असतात, त्यामुळे बार झाला की बोल्ट आणि रिसीव्हरची भिंत दोन्ही थोडे दबतात-ताणले जातात आणि नळी उभ्या दिशेत थरथरते. जवळच्या अंतरावर त्याचा तोटाच होतो, ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) उभा लांबट पडतो. पण लांबवर गंमत होते. प्रत्येक काडतुसाचा वेग थोडा कमी-जास्त असतोच, आणि ज्या गोळीचा वेग कमी ती नळीतून उशिरा बाहेर पडते, तोवर थरथरीत नळीचं तोंड किंचित वर आलेलं असतं, म्हणजे हळू गोळी थोडी वर रोखली जाते आणि जलद गोळी थोडी खाली. ९०० ते १००० यार्डांवर जाईपर्यंत हा फरक एकमेकांना भरून काढतो. म्हणून ३०० यार्डांवर साधारण वाटणारी ली-एनफिल्ड लांब पल्ल्यावर एकदम शहाण्यासारखी वागते, आणि जुने लोक जवळच्या अंतराला माउझर पद्धतीची अन् लांबच्याला ली-एनफिल्ड असं निवडून वापरायचे. हे कळलं की १०० यार्डांचा एक कागद बघून या रायफलला नावं ठेवायची इच्छा होत नाही.

रायफल हातात आली. पहिलं काम काय?

काहीच उघडू नका. आधी फोटो काढा, प्रत्येक शिक्का, प्रत्येक स्क्रूची खाच, साइटवरचे आकडे. मग नंबर जुळवा: रिसीव्हरवरचा नंबर आणि बोल्टच्या हँडलच्या मागच्या बाजूचा नंबर एकच पाहिजे. वेगळा असेल तर बोल्ट कधीतरी बदललेला आहे आणि तो या अ‍ॅक्शनला बसवून तपासला होता का नाही हे कळायला मार्ग नाही, गनस्मिथनं बघेपर्यंत बार काढायचा नाही.

नळीवरचे प्रूफचे (जास्त दाबाच्या चाचणीचे) शिक्के वाचा. .३०३ असेल तर २.२२२ इंच ही केसची (काडतुसाच्या पितळी कवचाची) लांबी आणि १८.५ टन असा दाबाचा आकडा बऱ्याचदा दिसतो. ७.६२ मध्ये बदललेली असेल तर त्या कॅलिबरचा वेगळा प्रूफ शिक्का हवाच. ब्रिटनमध्ये हे काम लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसकडे आहे. शिक्का नसेल तर ती नळी कोणी, कधी, कशी बसवली हे कोणी सांगू शकत नाही, आणि अशा वेळी ‘आजवर चालत आलीय ना’ हे उत्तर पुरत नाही.

मूळची टार्गेट रायफल आहे का नंतर कोणी बनवलेली, हे कसं ओळखायचं आणि त्यानं फरक काय पडतो?

फरक मोठा पडतो. एन्व्हॉय किंवा एल३९ए१ सारखी कारखान्यातूनच तशी आलेली असेल तर ती जशी आहे तशीच परत उभी करायची. एल३९ए१ मध्ये कधीकधी जुनं .३०३ चंच मॅगझिन दिसतं आणि लोकांना वाटतं कोणीतरी चुकीचं घातलंय, बदलून टाकतात. ते तिथं एकेक काडतूस हातानं घालताना खाली आधार म्हणून असायचं, चूक नव्हती ती.

.३०३ मधली ‘रेग्युलेट’ केलेली असेल तर बाहेरून ती साध्या सैन्याच्या रायफलसारखीच दिसते, फरक आत असतो. फोर-एंड (नळीखालचं पुढचं लाकूड) काढल्यावर आत लाकडाचे छोटे वेगळ्या रंगाचे तुकडे चिकटवलेले, कुठे कॉर्क, कुठे पितळेची पातळ पट्टी असं दिसलं तर थांबा, ते कोणातरी हुशार माणसानं मोजून-मापून केलेलं काम आहे. माझ्या हातात आलेल्या एका फोर-एंडमध्ये नळीच्या मध्यावर एक नखाएवढी लाकडी चकती होती, कडेनं पेन्सिलीची रेघ, आणि मी ती जवळजवळ घाण समजून खरवडली असती. तीच त्या रायफलची किल्ली होती.

आणि जर .३०३ नंबर ४ (टी) म्हणजे हॉलंड अँड हॉलंडनं बदललेली स्नायपर रायफल हाती लागली असेल, रिसीव्हरच्या डाव्या अंगाला दुर्बिणीच्या बैठकीचे पॅड असलेली, तर तिच्यावर ‘अपग्रेड’ हा शब्दच काढू नका.

सुटी करताना क्रम काय?

आधी फोर-एंड, मग बट (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड). हे पाठ करा. जुन्या नंबर १ रायफलमध्ये बटचा लांब बोल्ट पुढे जाऊन फोर-एंडमधल्या पट्टीत अडकलेला असतो, तो आधी फिरवला की आतून लाकूड चिरतं. नंबर ४ मध्ये सगळ्यांत तसं नसतं पण सवय एकच ठेवलेली बरी. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण भरणारा घ्या, हल्ली मिळतात ते पाचरीसारखे निमुळते खाच खातात. स्क्रू हलत नसेल तर मुरणारं तेल लावून एक रात्र ठेवा, घाई केली की खाच जाते आणि मग पुढचे दोन दिवस जातात.

फोर-एंड काढताना मागून ओढू नका, पुढच्या टोकापासून थोडं थोडं सरळ खाली आणा. तिरका ओढला तर मागच्या कोपऱ्यातलं लाकूड तुटतं, आणि तो कोपराच सगळ्यात महत्त्वाचा आहे, पुढे सांगतो.

नळी आतून काळी-लाल दिसते. गेली का?

दिसण्यावरून ठरवू नका. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, आपल्या मिठाचाच भाऊ. ते हवेतली ओल ओढतं आणि नळी गंजते. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, म्हणून नुसतं तेल लावून ठेवलेली नळी वरून चकचकीत आणि खालून गंजत राहते. सैनिक चेंबरमधून फनेलनं उकळतं पाणी ओतायचे ते याचसाठी. अशी काडतुसं वापरलीत तर त्याच दिवशी पाणी, मग कोरड्या चिंध्या, नळी गरम असल्यानं उरलेलं पाणी पटकन सुकतं, आणि शेवटी तेल. पाणी लाकडात जाऊ देऊ नका.

जुन्या नळीत तांब्याचे आणि कार्बनचे थर एकावर एक बसलेले असतात. तांबं काढायचं द्रव, नायलॉनचा ब्रश, चिंधी, थांबा, परत. चिंधी निळी-हिरवी येत राहते तोवर तांबं आहे. पहिल्यांदा चार-पाच दिवस लागले तरी नवल नाही. रॉड एकसंध घ्या आणि चेंबरच्या बाजूनं, मार्गदर्शक नळी लावून घाला, कारण नळीचं तोंड बऱ्याचदा गोळ्यांनी कमी आणि साफ करायच्या दोरीनं नाहीतर रॉडनं जास्त झिजलेलं असतं. हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा, प्रायमरच्या राखेत शिसं असतं.

साफ झाल्यावर मोजायचं. मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळू ढकलून बाहेर काढतात आणि त्याचा व्यास मायक्रोमीटरनं घेतात. .३०३ च्या नळ्या युद्धकाळात सैल मापानं झाल्यात, नळीतल्या वळणदार खाचांत .३११ इंचापासून .३१४ आणि काही त्याच्याही वर भरतात. नळीत बारीक खड्डे असूनही कडा शाबूत असतील तर ती सुंदर मारते, मी असे ग्रुप बघितलेत. खाचा दोन असोत का पाच, त्यानं घाबरायचं कारण नाही, दोन खाचांच्या युद्धकाळातल्या नळ्याही नीट मारतात.

हेडस्पेस म्हणजे काय, आणि नवा बोल्ट हेड टाकून घरीच जमवता येईल ना?

बोल्ट बंद असताना बोल्टचा चेहरा आणि काडतूस जिथं टेकतं ती जागा यातलं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०३ ला कडा असलेली केस, म्हणून ते कडेवरून मोजतात, लष्करी मापं .०६४ ते .०७४ इंच. ७.६२ ला कडा नाही, ते खांद्यावरून मोजतात, म्हणजे गेजही वेगळे. नंबर ४ मध्ये बोल्टचं डोकं सुटं असतं आणि ० ते ३ अशा चार मापांत यायचं, आकडा वाढला की लांबी वाढते, त्यामुळे लोकांना वाटतं ३ नंबर टाकला की झालं.

तसं नाही. डोकं मोठं लागतंय म्हणजे लग किंवा रिसीव्हरची जागा झिजलीय का हा आधीचा प्रश्न आहे. दोन्ही लग सारखे टेकतात का हे बघायला निळा रंग लावून बोल्ट बंद-उघड करतात, एकाच बाजूला रंग पुसला गेला तर सगळा जोर एका लगवर येतोय. हे जमवणं म्हणजे लष्करात प्रशिक्षित आर्मोररचं (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं) काम होतं आणि आजही परवानाधारक गनस्मिथचंच आहे. या एका मुद्द्यावर मी कोणाशी वाद घालत नाही, तुमचा गाल त्या बोल्टपासून चार बोटांवर असतो.

बैठक, बैठक म्हणतात ती नक्की कुठे जमवायची?

इथं थोडा वेळ द्या, कारण जुनी ली-एनफिल्ड वाईट मारते तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा दोष लाकडाच्या बैठकीत असतो आणि लोक नळीवर पैसे घालवतात.

नळी आणि रिसीव्हर लाकडात कसे बसलेत, कुठे टेकलेत, कुठे टेकलेले नाहीत, ही बैठक. बार होताना रायफल मागे येते, आणि तो धक्का लाकूड कुठेतरी झेलतं. नंबर ४ मध्ये ती जागा म्हणजे फोर-एंडच्या मागच्या भागात आतल्या अंगाला दोन्हीकडे असलेले छोटे उभे पृष्ठभाग, त्यांना ‘ड्रॉज’ म्हणतात. दोन्ही रिसीव्हरला एकाच वेळी, सारख्या जोरानं टेकले पाहिजेत. पन्नास-साठ वर्षं तेल मुरून तिथलं लाकूड काळं आणि खजुरासारखं मऊ झालेलं असतं, नख रुतवलं की खूण राहते. एक बाजू दबली की रायफल प्रत्येक बाराला किंचित वळते आणि ग्रुप तिरका सरकत जातो.

तपासायची पद्धत जुनीच आहे. रिसीव्हरच्या त्या जागेवर दिव्याच्या काजळीचा पातळ हात द्यायचा, फोर-एंड बसवायचं, तळहातानं दोन थापा, परत काढायचं. लाकडावर काळं उमटलं तिथं टेकतंय. पहिल्यांदा बहुतेक एका बाजूला ठिपका आणि दुसरीकडे कोरं लाकूड असंच दिसतं. उंच जागा पटाशीनं अगदी केसाएवढी काढायची, परत काजळी, परत बसवायचं. मऊ झालेलं लाकूड असेल तर घासत बसून उपयोग नाही, ते चौकोनी कापून काढायचं आणि कडक लाकडाचा तुकडा इपॉक्सीनं बसवून मग तो जमवायचा. तेलकट लाकडाला सरस धरत नाही म्हणून आधी अ‍ॅसिटोननं तेल ओढून घ्यायला लागतं, मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब.

फोर-एंडचं मागचं टोक आणि बटच्या लोखंडी सॉकेटची भिंत यात मात्र फट हवी, पातळ कार्ड सरकेल एवढी. ती फट नसेल तर धक्का ड्रॉजऐवजी टोकावर येतो आणि लाकूड मागून उभं चिरतं. मागे चीर गेलेली फोर-एंड दिसली की निम्म्याहून जास्त वेळा कारण हेच निघतं.

मग पुढचा मोठा स्क्रू, ट्रिगर गार्डमधून रिसीव्हरमध्ये जाणारा. त्याच्याभोवती एक छोटी लोखंडी नळकांडी असते, कॉलर, लाकूड किती दाबायचं ते ती ठरवते. लाकूड आकसलं की स्क्रू कॉलरवर जाऊन घट्ट होतो, हाताला वाटतं मस्त आवळलं, आणि लाकूड मात्र आत सैल डगडगतं. स्क्रू आवळताना शेवटचा पाव वळसा लाकूड दाबल्यासारखा जड लागला पाहिजे. एकदम टक्कन थांबला तर लाकडाच्या टेकणाऱ्या जागा भरून घ्यायला हव्यात.

राहिला नळीचा पुढचा भाग. सैन्याच्या नंबर ४ मध्ये फोर-एंडचं टोक नळीला खालून वर ढकलतं, आर्मोररच्या मापात २ ते ७ पाउंड. नळीच्या तोंडाशी दोरी बांधून स्प्रिंगचा काटा लावा आणि वर ओढा, नळी लाकडावरून सुटते त्या क्षणाचा आकडा वाचा. शून्य आला किंवा १० आला तर कारण सापडलं. दोन्ही बाजूंनी कागदाची पट्टी सरकवून बघा, कडेला कुठे अडकता कामा नये, नळीला खालून आधार हवा, बगलेतून नको. जाड नळीच्या ७.६२ रायफलींचं शास्त्र वेगळं: त्यांचं फोर-एंड आखूड कापलेलं असतं आणि नळी रिसीव्हरच्या पुढे पूर्ण मोकळी. तिथं पट्टी थेट चेंबरपर्यंत विनाअडथळा सरकली पाहिजे, आणि लाकूड वाकल्यानं ती मध्येच अडते हाच तिचा नेहमीचा आजार.

इपॉक्सीनं पूर्ण ‘ग्लास बेडिंग’ करावं का? करकरीत नवीन लाकूड असेल आणि स्पर्धेलाच वापरायची असेल तर करा, पण ड्रॉज आणि रिसीव्हरखाली तेवढंच, आणि लोखंडाला मेणाचा थर द्यायला विसरू नका, नाहीतर रायफल लाकडातून कायमची निघत नाही. जुन्या रेग्युलेट केलेल्या फोर-एंडमध्ये मी इपॉक्सी ओतणार नाही. त्या बोटांनी केलेल्या खुणा एकदा बुजल्या की गेल्या.

लाकूड काळपट झालंय, सँडपेपर मारून नवं करू का?

नका करू. सँडपेपरनं तपासनिसांचे शिक्के जातात, कडा गोल होतात आणि लोखंड लाकडापेक्षा उंच दिसायला लागतं. काळेपणा म्हणजे तेल आणि हातांचा मळ आहे. मिनरल स्पिरिट आणि मऊ कापडानं पुसत राहा, कापड जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. पोचे काढायचे तर ओलं सुती फडकं पोच्यावर ठेवून वर गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा, वाफेनं दबलेले तंतू फुगतात. तंतू तुटलेले असतील तर भरत नाहीत, ती खूण तशीच राहू द्या.

मग जवसाचं कच्चं तेल, सैन्यात तेच वापरायचे. तळहातावर चार थेंब, हात गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशीच पुढचा हात. थर जाड झाला की चिकट राहतो आणि महिनाभर धूळ पकडतो. अक्रोडाच्या लाकडाला पाचव्या-सहाव्या हातानंतर आतून जो तांबूस उजेड येतो तो कुठल्याही वार्निशनं येत नाही. फोर-एंडच्या आतल्या बाजूलाही हलका हात द्या, तिथूनच ओल शिरते.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती अडकली की चिंधी आपोआप पेटते. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

ट्रिगर एका दिवशी छान तुटतो, दुसऱ्या दिवशी ओढूनही येत नाही. असं का?

कुठला मार्क आहे ते बघा. नंबर ४ मार्क १ मध्ये ट्रिगर ट्रिगर-गार्डला लटकलेला असतो आणि गार्ड लाकडाला स्क्रूनं. दमट हवेत लाकूड फुगलं की गार्ड खाली सरकतो, ट्रिगर आणि सीअर (फायरिंग पिनला अडवून धरणारा तुकडा) यांची जुळणी बदलते, ओढही बदलते. १९४९ च्या मार्क २ मध्ये ट्रिगर थेट रिसीव्हरला लटकवला, म्हणून तो हवा बदलली तरी तसाच राहतो. जुन्या रायफलीही पुढे बदलल्या गेल्या, मार्क १ ची मार्क १/२ आणि मार्क १* ची मार्क १/३ झाली, शिक्क्यात ते दिसतं. मार्क १ असेल तर ट्रिगरला हात लावायच्या आधी बैठक जमवा, अर्धी तक्रार तिथंच मिटते.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो आणि तसाच ठेवा. सीअरवर कानस चालवू नका. त्याचे कोन आणि वरचा कडक थर बिघडला की बोल्ट जोरात बंद केल्यावर आपोआप बार सुटू शकतो. स्पर्धेत ओढीचं किमान वजन ठरलेलं असतं, तेवढ्यावर आणायचं काम गनस्मिथला द्या.

कुठली साइट घ्यावी?

.३०३ नंबर ४ साठी पार्कर-हेल ५सी किंवा ए. जे. पार्करची ४/४७ मिळाली तर सोडू नका. दोन्ही रिसीव्हरला मूळच्या साइटच्याच जागेवर बसतात, नवीन भोक पाडायला लागत नाही. विकत घेताना बघायचं म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडच्या चाकांत ढिलाई. चाक चार घर पुढे नेऊन परत आणा, रेघ त्याच जागी आली पाहिजे. १ मिनिट (हे कोनाचं माप) म्हणजे १०० यार्डांवर साधारण १ इंच, १००० यार्डांवर साडेदहा इंच, त्यामुळे चाकातली अर्ध्या मिनिटाची ढिलाई १००० यार्डांवर पाचेक इंचांचा फरक दाखवते.

पुढे बोगद्यासारखी साइट आणि बदलता येणाऱ्या रिंगा असतात. रिंग फार छोटी घेऊ नका. काळ्या निशाणाभोवती पांढरं ठळक दिसलं पाहिजे, नाहीतर डोळा दमतो आणि दोष रायफलला जातो.

दुर्बीण बसवायचीय.

भोक न पाडता मूळच्या साइटच्या जागी बसणारे माउंट मिळतात, ते घ्या. रिसीव्हर कडक केलेलं लोखंड आहे आणि त्यात पाडलेलं भोक कधी बुजत नाही.

.३०३ ची नळी गेलीच असेल तर ७.६२ करून घेऊ का?

मला विचाराल तर .३०३ ला .३०३ चीच चांगली नळी शोधा. ७.६२ चा दाब जास्त आहे, सीआयपी या काडतुसांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात .३०३ ला ३६५० बार (इथं बार हे दाबाचं एकक) आणि .३०८ ला, म्हणजे ७.६२ च्या नागरी जुळ्या काडतुसाला, ४१५०, आणि ही अ‍ॅक्शन मुळात कमी दाबासाठी घडवलेली. कारखान्यांनी ज्या बदलल्या त्या निवडून, तपासून, परत प्रूफ करून. आधीच ७.६२ असलेली रायफल वापरत असाल तर प्रूफचा शिक्का बघा, काडतुसं आणि चेंबर कोरडं ठेवा आणि गरम (जास्त दाबाच्या) लोडच्या नादाला लागू नका. ओल्या किंवा तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो.

ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) परत करू?

नळीवरचा गंज पितळी लोकर आणि तेलानं उतरतो तेवढा उतरवा आणि थांबा. बऱ्याच नंबर ४ वर कारखान्यातून ब्लूइंग नव्हतंच, फॉस्फेट आणि वर काळा रंग होता, तिथं चकचकीत निळं केलं की रायफल परकी दिसते.

केस दोन-तीन बारांतच बुडाशी तुटतात, रायफल खराब आहे का?

लगेच घाबरू नका पण बार थांबवा. ली-एनफिल्डचं चेंबर युद्धभूमीवरच्या चिखलासाठी ऐसपैस केलेलं आहे आणि अ‍ॅक्शन लवचिक, त्यामुळे केस पहिल्याच बाराला ताणली जाते. मग रीलोड करताना (वापरलेली केस परत भरताना) पूर्ण साइझिंग केलं, म्हणजे अख्खी केस दाबून मूळ मापावर आणली, की खांदा परत मागे, पुढच्या बाराला परत ताण, आणि बुडाच्या जरा वर पितळ पातळ होत जातं. उपाय म्हणजे त्याच रायफलमधून उडालेली केस त्याच रायफलसाठी ठेवायची आणि फक्त मानेचं साइझिंग करायचं, म्हणजे केस कडेऐवजी खांद्यावर टेकते. एक बारीक तार घ्या, टोक काटकोनात वाकवून घासून टोकदार करा आणि केसच्या आतून बुडापासून वर ओढा. पातळ जागेवर टोक खाचेत अडकल्यासारखं टकटक लागतं. लागलं की ती केस चेपून भंगारात. नवीन केसही असंच तुटायला लागली तर हेडस्पेस परत तपासून घ्या.

सगळं झालं, आता रेंजवर कसं तपासायचं?

पहिले बार गनस्मिथनं तपासून दिल्यावरच, डोळ्याला चष्मा आणि कानाला आवरण घालून. १०० यार्डांवर, फोर-एंड नेहमी एकाच जागी टेकवून, पाच-पाचचे ग्रुप, आणि प्रत्येक कागदावर बार कुठल्या क्रमानं कुठे पडला ते लिहा. नुसता ग्रुपचा आकार काही सांगत नाही, क्रम सांगतो. नळी गरम होत जाताना बार एकाच दिशेला चढत गेले तर लाकूड नळीला कुठेतरी ढकलतंय. दोन वेगळे पुंजके पडले तर ड्रॉज किंवा मोठा स्क्रू. पहिला बार लांब आणि बाकीचे एकत्र तर बहुतेक नळीतलं तेल, आधी कोरडी चिंधी फिरवत जा.

चांगल्या नळीची, नीट बसवलेली .३०३ नंबर ४ चांगल्या काडतुसांनी १०० यार्डांवर २ इंचांच्या आसपास मारत असेल तर ती तब्येतीत आहे, जाड नळीची ७.६२ याहून बरीच घट्ट मारू शकते. पहिल्या दिवशी स्क्रूंच्या खाचा कुठल्या दिशेला आहेत ते लिहून ठेवा. लाकूड नव्यानं जमवलेलं असेल तर शंभरेक बारांत थोडं बसतं, तेव्हा परत फोर-एंड काढून काजळीनं ड्रॉज बघा. दोन्ही बाजूंना सारखा काळा ठसा उमटला असेल तर लाकडावर जवसाचा एक हात द्या, परत बसवा आणि आता ३०० यार्डांवर न्या.